नदीत शिंपले शोधताना: ‘सापडले नाहीत’ म्हणजे ‘नाहीत’ असं कधी म्हणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वीर धरणाच्या खाली नीरेच्या साधारण २० किलोमीटर टप्प्यात जिवंत शिंपले कुठे आहेत याचा नकाशा करायचा आहे. पाच-सहा जणांचा गट आहे. दोन रविवार घाटाजवळ शोधलं, रिकामी कवचं पुष्कळ मिळाली, जिवंत एकही नाही. तर ‘इथले शिंपले संपले’ असं लिहावं का, आणि पुढचा शोध कसा घ्यावा?

तूर्त तसं लिहू नका. दोन रविवारांतून एवढंच कळलं की त्या घाटाजवळ, त्या दिवशीच्या पाण्यात, त्या पद्धतीने तुम्हाला जिवंत शिंपला दिसला नाही. शिंपला रुतून बसणारा प्राणी. त्याचा बहुतेक भाग वाळूत किंवा गाळात असतो. वर दिसते ती मागच्या टोकाची अरुंद कड आणि तिच्यातल्या पाणी आत-बाहेर करणाऱ्या दोन फटी. त्याने कवच मिटून घेतलं की ती कडही खड्यासारखी दिसते. पिल्लं तर पूर्ण गाडलेली असतात. शिवाय हे प्राणी सारखे विखुरलेले नसतात. पन्नास मीटर काहीच नसतं आणि मग एका उंबराच्या मुळांखाली तीस मिळतात. त्यामुळे किती आहेत याच्या आधी ठरवायचं ते हे, की किती शोधल्यावर ‘नाहीत’ म्हणता येईल. शोधाची मेहनत मोजून लिहिली नाही तर नकाशावर शिंपल्यांची जागा उमटत नाही, तुम्ही कुठे गेला होतात तेवढंच उमटतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधी सांगतो. पाणी किती गढूळ आहे, धरणातून सोडलेलं पाणी नदीत चालू आहे का, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) लावलेले आहेत की काढलेले, आणि गटात पोहणारे किती, यावर पद्धत बदलते. जून ते सप्टेंबर पुराचं गढूळ पाणी असतं, तेव्हा उतरूच नका. ऑक्टोबरनंतर बरगे बसतात, बंधाऱ्यामागे पाणी तुंबतं आणि तिथली खोली तुमच्या हाताबाहेर जाते. डिसेंबरपासून मेपर्यंतचा काळ कामाचा. त्यातही नदीत पाणी सोडलं की दोन-तीन दिवस गढूळपणा राहतो. म्हणून तारीख ठरवण्याआधी जलसंपदा विभागाच्या शाखा कार्यालयात फोन करून पाणी कधी सुटणार ते विचारा. सुरक्षिततेसाठी हा फोन लागतोच, आणि शोधाच्या दर्जासाठीही तितकाच लागतो.

आता शोधायचं काय ते. दख्खनच्या नद्यांत तुम्हाला मुख्यतः तीन प्रकारचे शिंपले भेटतील. पहिला लॅमेलिडेन्स: लांबट, तुलनेने पातळ कवचाचा, १० सेंटीमीटरच्या आसपास जाणारा, आतून मोतिया चमक असलेला. हा संथ पाण्यात आणि मऊ गाळात रमतो, त्यामुळे तळी आणि बंधाऱ्यांची तुंबलेली पाणीही त्याला चालतात. दुसरा पॅरेसिया: आखूड, जाड, फुगीर, साधारण चार-पाच सेंटीमीटरचा. त्याच्या माथ्याजवळ नागमोडी किंवा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या सुरकुत्या असतात आणि आत बिजागरीशी मजबूत दात असतात. याला वाहतं पाणी आणि वाळू-खडीचा तळ लागतो. तिसरा कॉर्बिक्युला: त्रिकोणी-गोल, बहुधा तीन सेंटीमीटरच्या आतला, बाहेरून कवचाच्या कडेला समांतर, वरंब्यांसारख्या रेघा असलेला. तो वाळूत असतो, आणि लहान असल्याने नुसत्या नजरेने हमखास सुटतो.

प्रकार वेगळे लिहिण्यामागे कारण आहे. लॅमेलिडेन्स आणि पॅरेसिया यांच्या अळ्या काही काळ माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढतात आणि मग तळाशी गळून पडतात. कॉर्बिक्युलाला मासा लागत नाही. त्यामुळे एखाद्या बंधाऱ्याच्या वर फक्त कॉर्बिक्युला आणि म्हातारे पॅरेसिया मिळत असतील, तर तिथे पाणी वाईट आहे की मासा वर चढत नाही, हा पुढचा प्रश्न उभा राहतो. नुसतं ‘शिंपले आहेत’ असं लिहिलं तर हा धागा हातचा जातो. जातीपर्यंत ओळख करायची घाई मात्र नको. लॅमेलिडेन्सचे आकार एकाच नदीत इतके बदलतात की फोटोवरून जात ठरवणं धोक्याचं. ‘लॅमेलिडेन्स, जात अनिश्चित’ ही नोंद पूर्ण आणि प्रामाणिक आहे.

जाता जाता एक सांगतो. खडकही नजरेखालून घाला. कर्नाटकात तुंगा आणि भद्रा या नद्यांत स्यूडोमुलेरिया डालाय नावाचा एक गोड्या पाण्यातला शिंपला आहे. १८९८मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. तो कालवासारखा खडकाला कायमचा चिकटून राहतो आणि जगात फक्त पश्चिम घाटाच्या नद्यांत आहे. त्या नद्याही शेवटी कृष्णेलाच मिळतात. नीरेत तो मिळेल असं मी म्हणत नाही, पण खडकाच्या कपारीत हात घालून पाहायला वेळ लागत नाही आणि वाळूवरच डोळे खिळलेले असतील तर असा प्राणी समोर असूनही दिसत नाही.

कुठे शोधायचं याची किल्ली उन्हाळ्यातल्या नदीकडे पाहून मिळत नाही. ऑगस्टातल्या पुराचा विचार करायला लागतो. शिंपला वर्षानुवर्षं त्याच तुकड्यात जगतो, तेव्हा जिथला तळ पुरात उचलला जातो तिथे तो टिकत नाही. आणि जिथे पुरानंतर हातभर गाळ बसतो तिथे तो गुदमरतो. मधली जागा हवी: पुरातही जागची न हलणारी, पण पाणी खेळतं असलेली. नीरेसारख्या बेसॉल्टच्या पात्रात अशा जागा ठरलेल्या असतात. मोठ्या खडकाच्या खालच्या अंगाला अडकलेली वाळू. दोन खडकांमधले वाळू-खडीचे खिसे. काठाचा पायथा, विशेषतः जिथे करंज, उंबर, वाळुंज यांची मुळं पाण्यात उतरलेली आहेत. डोह संपून उथळा सुरू होतो ती कड. बेटाच्या मागचा संथ पट्टा. लव्हाळ्याच्या बुंध्यालगतचा घट्ट गाळ. उलट वळणाच्या आतल्या बाजूची मऊ, मोकळी, सुंदर दिसणारी पुळण बहुधा रिकामी असते, कारण ती दरवर्षी नव्याने बनते. घाटही तसेच. तिथे पायरीपर्यंत जाता येतं म्हणून लोक तिथे शोधतात. पण धुणं, गुरं, गाळ आणि वावर यामुळे ती जागा शिंपल्यासाठी क्वचितच चांगली असते.

तळ राहण्याजोगा आहे का हे तपासायला ६ मिलिमीटरची गज-सळई पुरते. अंगठ्याच्या जोराने ती १० ते १५ सेंटीमीटर गेली आणि किंचित करकरली तर वाळू-खडीचा चांगला थर आहे. एका दमात हातभर गेली तर तो नुसता चिखल, आणि दोन सेंटीमीटरवर अडली तर खाली खडक किंवा घट्ट मुरूम. ही सळई प्रत्येक जागी टोचा आणि खोली लिहा. या स्वस्त साधनाने जे कळतं ते महागड्या उपकरणाने तितक्या लवकर कळत नाही.

रिकाम्या कवचांकडे वळू, कारण तुमच्याकडे सध्या तोच पुरावा आहे आणि तो वाचता येतो. कवच हातात घ्या. दोन्ही शिंपा बिजागरीला जोडलेल्या आहेत, बिजागरीचा तपकिरी पट्टा लवचीक आहे, आतला मोतिया थर चमकतो आणि बाहेरची साल शाबूत आहे, तर हा प्राणी अलीकडे मेला, आणि बहुधा जवळपासच. कारण वाहत आलं असतं तर जोडी सुटली असती. एकच शिंप, साल उडालेली, आतून फिकी पण अजून गुळगुळीत: काही वर्षांपूर्वीची, आणि वरून वाहत आलेली असू शकते. खडूसारखी पांढरी, बोटाने पीठ निघणारी शिंप असेल तर तिच्यावरून आजच्या नदीबद्दल काहीच म्हणू नका. दख्खनच्या नद्यांच्या काठात जुन्या गाळाचे उंच थर आहेत. त्यांत हजारो वर्षांपूर्वीचे शिंपले गाडलेले असतात, आणि काठ ढासळला की ते पात्रात येऊन पडतात. ज्यांना ही गोष्ट माहीत नसते ते अशा शिंपांचा ढीग पाहून ‘नुकतीच मोठी मर झाली’ असं लिहून मोकळे होतात. म्हणून कवचांची तीन वर्गांत वेगळी मोजणी करा: ताजी, जुनी, खडूसारखी.

ढीगही बघा. खडकावर किंवा काठाच्या एकाच जागी फुटलेली, चावलेली ताजी कवचं असतील तर ते पाणमांजराचं जेवण असू शकतं. मुग्धबलाक पक्षीही शिंपले आणि गोगलगायी खातो आणि कवचं जवळच टाकतो. असा ढीग मिळाला तर आनंद माना. जिवंत शिंपले काही अंतरात असणारच, आणि शोध त्याच भागापासून सुरू करायला हवा.

आता जागांची निवड. २० किलोमीटरचे २०० मीटरचे तुकडे करा, म्हणजे १०० तुकडे होतात. उपग्रह-चित्रावर प्रत्येकाला नंबर द्या. १ ते ५ मधला एक अंक चिठ्ठी टाकून निवडा. ३ आला तर ३, ८, १३, १८ असं दर पाचवा तुकडा घ्या, एकूण २० होतील. हे २० बदलायचे नाहीत, वाट अवघड असली किंवा जागा रटाळ दिसली तरी. यांच्यावरूनच तुम्ही ‘या टप्प्याच्या इतक्या टक्के तुकड्यांत शिंपले आहेत’ असं म्हणू शकाल. याशिवाय आठ-दहा तुकडे तुमच्या अंदाजाने निवडा: वर सांगितलेल्या जागा, भोयांनी दाखवलेल्या जागा, पाणमांजराच्या ढिगाजवळच्या जागा. त्यांची नोंद वेगळ्या खुणेने ठेवा आणि टक्केवारीत मिसळू नका. शिंपले बहुधा या दुसऱ्या यादीत मिळतील, पण प्रमाण पहिलीच यादी सांगेल. दोन्ही लागतात, दोन्हींचं काम वेगळं.

भोई आणि जुने मासेमार यांच्याशी बोलताना ‘शिंपले आहेत का’ असं विचारलं की ‘आहेत की’ हे उत्तर ठरलेलं असतं. ताजी कवचं सोबत न्या, एकेक प्रकार हातात द्या आणि विचारा: हा शेवटचा जिवंत कधी पाहिला, कुठल्या डोहात, पायाला लागला की जाळ्यात आला, बंधारा झाल्यावर काय बदललं. ही माहिती नकाशावर वेगळ्या रंगाने टाका.

प्रत्येक तुकड्यात पहिलं काम वेळ लावून शोधण्याचं. चार माणसं, प्रत्येकी ३० मिनिटं, म्हणजे दोन माणूस-तास. तीसपैकी दहा मिनिटं काठाच्या पायथ्याशी, दहा उथळ्यात, दहा डोहाच्या कडेला. तळ एकसारखा असेल तर प्रमाण बदला, पण लिहून ठेवा. खालच्या टोकाकडून सुरुवात करून वर सरका, म्हणजे उठलेला गाळ मागे वाहून जातो आणि पुढचं पाणी निवळ राहतं. शिंपला मिळाला की घड्याळ थांबवा, मोजमाप करा, मग पुन्हा सुरू करा. हे केलं नाही तर जिथे शिंपले जास्त तिथे शोधाचा वेळ कमी पडतो आणि आकडे उलटे फसवतात. निकाल ‘माणूस-तासाला किती’ असा लिहा. २० तुकड्यांचे ४० माणूस-तास होतात. चालणं, मोजणं, नोंदी धरून दिवसाला तीनच तुकडे होतात, तेव्हा सात दिवस धरा.

पाहण्यासाठी तळाला काच असलेली बादली करा. १० लिटरची प्लास्टिकची बादली घ्या, तळ कापा पण दोन सेंटीमीटरची कड शिल्लक ठेवा. त्या कडेवर ४ किंवा ५ मिलिमीटरचा पारदर्शक ॲक्रिलिकचा गोल आतून बसवा आणि दोन्ही बाजूंनी माशांच्या टाकीसाठी मिळणारं सिलिकॉन लावा. २४ तास हात लावू नका. आतून काळा रंग दिला तर प्रतिबिंब जाऊन तळ स्वच्छ दिसतो. पाण्यात ठेवताना तिरकी ठेवा, नाहीतर खाली हवेचा बुडबुडा अडकून सगळं धूसर दिसतं.

पाणी किती निवळ आहे ते २० सेंटीमीटर व्यासाच्या काळ्या-पांढऱ्या तबकडीने मोजा: ती दोरीने सोडत जा आणि दिसेनाशी होते ती खोली लिहा. ३० सेंटीमीटरच्या आत गायब झाली तर बादली ठेवून द्या आणि हाताने चाचपडा. जाड रबरी हातमोजे चालत नाहीत, स्पर्श मरतो. रबराचा पातळ लेप दिलेले सुती मोजे बरे, कारण फुटक्या बाटल्या हमखास असतात. बोटं पसरून वरचे तीन ते पाच सेंटीमीटर हळू विंचरायचे. शिंपल्याची कड उभी आणि धारदार लागते, खडा आडवा आणि बोथट लागतो. नजरेने शोधलेले आणि हाताने शोधलेले तुकडे एकमेकांशी थेट तोलू नका.

या पद्धतीने घनता कळत नाही आणि पिल्लं सुटतात. म्हणून जिथे शिंपले मिळाले अशा तीन-चार जागी चौकटी टाका. ५० सेंटीमीटर बाजूची चौकट १२ मिलिमीटरच्या सळईची करून घ्या. पीव्हीसी नळीची केली तर तिला भोकं पाडा किंवा वाळू भरा, नाहीतर तरंगते. समजा ४० मीटर लांब आणि १० मीटर रुंद पट्टा आहे. लांबीत दर ४ मीटरला आणि रुंदीत दर ५ मीटरला एक अशा २० चौकटी बसतात. सुरुवातीचा बिंदू चिठ्ठीने ठरवा. अशा तीन सुरुवाती घेतल्या की ६० चौकटी, म्हणजे १५ चौरस मीटर. नजर जिकडे खेचते तिकडे चौकट टाकण्याचा मोह प्रत्येकाला होतो. मोजपट्टी बांधून ठेवली की तो टळतो.

प्रत्येक चौकटीत आधी वरवर दिसणारे शिंपले मोजा. मग दर चौथी चौकट १५ सेंटीमीटर खोल उकरा. उकरलेलं सगळं चाळणीत घ्या. मोठ्यांसाठी ५ ते ६ मिलिमीटरची चाळण चालते, पिल्लं आणि कॉर्बिक्युला यांच्यासाठी खाली २ मिलिमीटरची लावा. सगळ्या चौकटी उकरू नका: वेळ तिप्पट जातो आणि राहत्या जागेची वाट लागते.

याचा हिशोब कसा करायचा ते उदाहरणाने सांगतो, आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. ६० चौकटींत वरवर १८ शिंपले दिसले. उकरलेल्या १५ चौकटींत वरवर ६ दिसले होते, उकरल्यावर एकूण १० निघाले. म्हणजे दहांपैकी सहाच वर दिसतात. १८ ला ०.६ ने भागा, ३० आले. १५ चौरस मीटरमध्ये ३०, म्हणजे चौरस मीटरला २. उकरलंच नसतं तर तुम्ही १.२ लिहिलं असतं. आणि थंडीत शिंपले खोल गेलेले असतील तर हेच ०.६ उतरून ०.३ होतं. जानेवारी आणि एप्रिलचे वरवरचे आकडे शेजारी ठेवून ‘वाढ झाली’ म्हणण्याची चूक इथेच होते.

आता तुमचा मूळ प्रश्न: ‘नाहीत’ कधी म्हणायचं? समजा एखाद्या तुकड्यात १० चौरस मीटरला एकच शिंपला आहे. पाव चौरस मीटरच्या चौकटीत सरासरी ०.०२५ येतो. निदान एक तरी सापडण्याची शक्यता ९५ टक्के हवी असेल तर ३ ला या संख्येने भागायचं: १२० चौकटी. त्यातले निम्मेच वर दिसत असतील तर २४०. आणि हा हिशोब शिंपले एकसारखे विखुरलेले आहेत असं धरून आहे. घोळका असेल तर आणखी लागतील. म्हणून विरळ शिंपल्यांचं असणं-नसणं चौकटींनी ठरवायला जाऊ नका. तिथे वेळ लावून शोधणंच बरं, कारण त्यात जास्त क्षेत्र पालथं घातलं जातं.

मग त्या शोधाचा भरवसा किती, हे तपासायला एक साधी परीक्षा आहे. वीस रिकामी पण जोडीची कवचं घ्या, वाळू भरून कडा चिकटवा, आत नंबर लिहा. एकाने ती तुकड्यात जिवंत शिंपल्यांसारखी रोवावी, टोक जेमतेम वर ठेवून. बाकीच्यांनी जागा माहीत नसताना नेहमीच्या वेळात शोधावं. १२ सापडली तर त्या पाण्यात, त्या तळावर तुमचा गट दहांपैकी सहा शिंपले शोधतो. गढूळ पाण्यात हाच आकडा चार-पाचवर येतो तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडतात. नंतर सगळी वीस परत काढा, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी ती ताजी कवचं म्हणून मोजेल.

शिवाय ज्या तुकड्यांत शिंपले नक्की आहेत तिथे वेगवेगळ्या दिवशी तीनदा जा आणि कितीदा सापडले ते पाहा. एका फेरीत सापडण्याची शक्यता ६० टक्के असेल, तर असूनही तीन फेऱ्या कोऱ्या जाण्याची शक्यता ०.४ चा घन, म्हणजे साधारण ६ टक्के. दोन कोऱ्या फेऱ्यांनंतर ती १६ टक्के असते. तुमच्या घाटाची स्थिती आज अशीच आहे. तेव्हा तीन फेऱ्या कोऱ्या गेल्या, तिन्ही वेळा पाणी निवळ होतं आणि ताजं कवचही नाही, तर ‘या तुकड्यात बहुधा नाहीत’ असं लिहा. ‘संपले’ हा शब्द तेव्हाही नको. तिथे पूर्वी होते याचा पुरावा असेल तरच तो वापरता येतो.

बंधाऱ्यांबद्दल वेगळं लिहायला हवं. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागचं पाणी उतरू लागलं की उघड्या पडलेल्या गाळात शिंपल्यांनी सरकताना काढलेले चर दिसतात. चराच्या टोकाशी प्राणी असतो. ‘आहेत’ एवढं सिद्ध करायला इतकी सोपी वेळ दुसरी नाही, एका सकाळी किलोमीटरभर काठ पाहून होतो. पण पाणी मागे हटताना शिंपले उरलेल्या डबक्याच्या कडेला गोळा झालेले असतात. तिथली घनता खरी धरू नका. उघडे पडलेले जिवंत शिंपले मोजून झाल्यावर पाण्यात न्या. बंधाऱ्याच्या लगेच खालचा भाग आणि लगेच वरचा भाग हे वेगळे तुकडे समजा, कारण खाली तळ धुपलेला असतो आणि वर गाळ साचलेला.

तुकड्यासोबत लिहायच्या गोष्टी थोड्या पण न चुकता लिहा: जीपीएस, खोली, तबकडीची खोली, सळई किती रुतली, तळाचा प्रकार (२ मिलिमीटरच्या आत वाळू, २ ते ६४ खडी, ६४ ते २५६ गोटे), पाण्याचा वेग. वेगासाठी पाण्यात लिंबू सोडा, ते १० मीटर वाहत जायला लागणारे सेकंद मोजा, मीटरला सेकंदांनी भागा आणि ०.८५ ने गुणा. सांडपाण्याचा नाला जवळ असेल तर विरघळलेला ऑक्सिजन पहाटे मोजा. दुपारी जलपर्णी नसलेल्या, शेवाळाने भरलेल्या पाण्यात ऑक्सिजन भरपूर दिसतो आणि रात्री तोच तळाला जातो. शिंपला पळून जाऊ शकत नाही, त्याला पहाटेचाच आकडा सोसावा लागतो.

हाताळणीची काळजी मनापासून घ्या. मिळालेले शिंपले कांद्याच्या जाळीदार पिशवीत घालून पाण्यातच, सावलीत बांधून ठेवा. बादलीत ठेवले तर मार्चच्या उन्हात पाणी अर्ध्या तासात तापतं. मोजायला एकेक बाहेर काढा, पाच मिनिटांत परत. लांबी, उंची, जाडी व्हर्नियरने ०.१ मिलिमीटरपर्यंत घ्या. सुरीने उघडून पाहू नका: कवच मिटणारा स्नायू फाटला की तो प्राणी मेला. आतले दात पाहायला ताजी रिकामी कवचं आहेतच. जिथून काढला तिथेच परत लावा, आणि उभा लावा. फुगीर माथा ज्या टोकाच्या जवळ ते पुढचं टोक, ते खाली. दुसरं वर. बोटाने चीर पाडून हलकेच बसवायचा. नुसता पाण्यात टाकला तर त्याला पुन्हा रुतायला तास जातात आणि तेवढ्यात वाहून जातो किंवा खाल्ला जातो.

लांबीचे आकडे जमले की ५ मिलिमीटरच्या गटांत मांडा. सगळे पॅरेसिया ४० मिलिमीटरच्या वर असतील तर नवी पिढी येत नसल्याची शंका घ्या, पण २ मिलिमीटरची चाळण वापरली असेल तरच. नाहीतर ती पिढी तुमच्या चाळणीतून निसटलेली असेल.

सुरक्षितता: एकट्याने उतरायचं नाही, काठावर एक जण कायम दोरी घेऊन. बंधाऱ्याच्या मोऱ्यांजवळ पाण्याची ओढ वरून दिसत नाही, तिथे जाऊच नका. कृष्णेत सांगलीच्या बाजूला मगरी आहेत. तुमच्या टप्प्यात कधी दिसल्या का ते भोयांना विचारा, आणि उत्तर ‘हो’ असेल तर तो डोह यादीतून काढा. पायावर जखम असेल तर लेप्टोस्पायरोसिसच्या धोक्यामुळे पाण्यात उतरू नका. पुढच्या नदीवर जाण्याआधी चाळण्या, बूट, जाळ्या धुऊन दोन दिवस उन्हात वाळवा, म्हणजे जलपर्णीचे तुकडे आणि गोगलगायींची अंडी सोबत जात नाहीत.

जिवंत नमुने गोळा करू नका, त्याची गरज नाही. ताज्या रिकाम्या कवचांचे फोटो चार बाजूंनी पट्टी ठेवून घ्या: बाहेरून, आतून, माथा, बिजागरी. ओळख पटवायला पुण्यात आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम प्रादेशिक केंद्र आहे. नदी अभयारण्यातून जात असेल तर वन विभागाची लेखी परवानगी आधी. शिंपल्यांच्या नेमक्या जागा सार्वजनिक नकाशावर टाकू नका, एक-दोन किलोमीटरच्या पट्ट्यांत दाखवा. नेमके आकडे ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्या, लोकजैवविविधता नोंदवहीत ते जाऊ शकतात. तिथे देताना शून्याच्या ओळी गाळू नका. तुमच्या घाटाची ओळही घाला: तारीख, किती माणूस-तास, तबकडी किती खोलीवर दिसेनाशी झाली, ताजी कवचं किती, जिवंत ०. गेल्या दोन रविवारांचे तास आठवून आजच लिहून ठेवा, म्हणजे त्या दोन फेऱ्याही हिशोबात धरता येतील.